कमळाच्या नावाखाली

पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप येतो : आज आमच्याकडे ब्रह्मकमळ फुलणार, साडेअकरानंतर या. मग पेंगुळलेली मुलं, मोबाइलचे दिवे, कुंडीला हळदकुंकू, वाटीभर दूधसाखरेचा नैवेद्य. फूल खरोखरच देखणं असतं आणि उजाडेपर्यंत मान टाकतं. फक्त ते कमळ नसतं. तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेला निवडुंग आहे, एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. आपण ज्याला त्याचं पान म्हणतो ते चपटं झालेलं खोड असतं, म्हणून तर ‘पानातून फूल आलं’ असा चमत्कार दिसतो. ज्याच्यावरून हे नाव उसनं घेतलं ते हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल, तेही कमळ नाहीच. ते शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं.

कृष्णकमळाची गोष्ट तशीच. कुंपणावर चढणारी ही वेल अमेरिका खंडातून आली. पॅशन फ्रूट तिचं सख्खं भावंड. फुलातले शंभरेक निळे-जांभळे तंतू म्हणजे कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पांडव आणि वरचे तीन स्त्रीकेसर म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, असं आपण पोरांना दाखवतो. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी याच फुलात येशूचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे पाहिले होते. इंग्रजी नावातला ‘पॅशन’ तो, येशूच्या यातनांचा. एका फुलात कोणी काय मोजावं हे ज्याच्या त्याच्या पुराणावर अवलंबून.

नाव चुकलं म्हणून पूजा चुकत नाही, हे खरं. पण जिथे पैसे मोजायचे तिथे माहिती असलेली बरी. वाण्याकडे आणि मॉलमध्ये मखाणे सर्रास ‘कमळाच्या बिया’ म्हणून विकले जातात. मखाणा ही वेगळी वनस्पती आहे, युरिएल फेरॉक्स. तिची प्रचंड गोल पानं काट्यांनी भरलेली असतात आणि ती कुमुदाच्या कुळात येते. बिहारच्या दरभंगा-मधुबनी भागातले मल्लाह समाजाचे लोक तळ्याच्या तळाशी बुडी मारून चिखलातून या बिया गोळा करतात, वाळवतात, भाजतात आणि गरम असतानाच लाकडी थापीने फोडतात; मग आतली लाही फुलून बाहेर येते. २०२२ मध्ये ‘मिथिला मखाना’ला भौगोलिक मानांकन मिळालं. कमळाची बी मात्र कितीही भाजली तरी अशी फुलत नाही. तिचं नाव कमळगट्टा : काळी, गुळगुळीत, दगडासारखी टणक. लक्ष्मीच्या जपमाळेत ओवतात ती हीच.

मग कमळ कोणतं? फुलाकडे पाहून फसायला होतं, म्हणून आधी पान पाहावं. पान पाण्यावर पसरलेलं आणि काठापासून देठापर्यंत चिरलेलं असेल, तर ते कुमुद, म्हणजे वॉटर लिली. पान अखंड गोल, देठ बरोबर मध्यावर खालून जोडलेला आणि सगळं पान पाण्याच्या वर हातभर उंच उभं असेल, तर ते कमळ. (रोप कोवळं असताना त्याची पहिली पानं तरंगतात, तेवढा अपवाद.) दुसरी खूण फुलाच्या मधोमध असते. कमळाच्या पोटात एक पिवळा उलटा शंकू असतो, वरून सपाट, झारीच्या तोंडासारखा भोकाभोकांचा. एकेका भोकात एकेक बी. पाकळ्या गळल्या की शंकू आधी हिरवा होतो, मग वाळून तपकिरी होतो, मान खाली घालतो आणि बिया पाण्यात सांडतो. कुमुदाचं फळ याउलट पाण्याखाली जाऊन पिकतं.

आधुनिक वनस्पतिशास्त्राचा पाया घालणारा लिनियस इथेच चकला. १७५३ मध्ये त्याने कमळाला कुमुदाच्याच गटात घातलं. दहा वर्षांनी फ्रेंच शास्त्रज्ञ अदांसों याने त्याला वेगळं काढून ‘नेलुंबो’ हे नाव दिलं. सिंहली भाषेत कमळाला नेलुम् म्हणतात, त्यावरून. पण दोघं नात्यात किती दूर आहेत हे कळायला विसाव्या शतकाच्या शेवटी डीएनए तपासावा लागला. कुमुद हे फुलझाडांच्या वंशवृक्षावर अगदी बुंध्याजवळ फुटलेल्या फांदीवरचं. कमळ तिथून कितीतरी पुढे, आणि त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक जमिनीवरची झाडं निघाली : चिनार, सिल्व्हर ओक, मॅकाडेमिया. श्रीनगरच्या दल सरोवराचा फोटो कोणीही काढावा, काठावरचा चिनार आणि पाण्यातलं कमळ असे दोन भाऊबंद त्यात एकत्र येतात. कमळाच्या आज दोनच जाती उरल्या आहेत, एक आशियातली आणि दुसरी अमेरिकेतली, पिवळ्या फुलांची.

‘लोटस’ या नावाचा घोळ तर याहून मोठा. जुन्या इजिप्तच्या चित्रांतलं ‘निळं कमळ’ हे कुमुदच. होमरच्या महाकाव्यात जे फळ खाऊन खलाशी घर विसरतात, ते ‘लोटस’ म्हणजे आपल्या बोरीच्या जातीतलं एखादं झाड असावं, असं बरेच जण मानतात. आणि लिनियसने ‘लोटस’ हे शास्त्रीय नाव दिलं ते एका शेंगवर्गीय चाऱ्याच्या झुडपाला! म्हणजे शास्त्राच्या पुस्तकात लोटस शोधायला गेलात, तर हाती गुरांची वैरण येईल.

गंमत अशी की आपल्याकडच्या जुन्या कोशकाराचा, अमरसिंहाचा, हा घोळ झालेला नव्हता. अमरकोशाच्या पहिल्या कांडात वारिवर्ग आहे, पाण्यातल्या गोष्टींचा. त्यात उत्पल, कुवलय, कुमुद, कैरव, इंदीवर ही नावं एका बाजूला येतात आणि पद्म, नलिन, अरविंद, राजीव, पुष्कर, तामरस, शतपत्र ही दुसऱ्या बाजूला. पहिला गट कुमुदांचा, दुसरा कमळांचा. कुमुद चंद्राचं आणि पद्म सूर्याचं, हा कवींचा संकेतही हवेतला नाही. पांढरं कुमुद संध्याकाळी उमलून सकाळी उशिरा मिटतं, कमळ पहाटे उमलतं. दुसऱ्या गटात रंगांचीही वाटणी आहे. पांढरं ते पुंडरीक, लाल ते कोकनद. पंढरपुरात विटेच्या गोष्टीतला भक्त पुंडलीक, त्याचं नाव या पांढऱ्या कमळाचं. टाळ-मृदंगाच्या गजरात आपण रोज त्याचा उच्चार करतो.

अमरसिंह फुलावर थांबत नाही, अवयवांनाही नावं देतो. केसर म्हणजे किंजल्क, कोवळं पान म्हणजे संवर्तिका, बियांचा तो शंकू म्हणजे वराटक आणि चिखलातला कंद म्हणजे करहाट. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या कऱ्हाडचं शिलालेखांतलं जुनं नाव करहाटक. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काही का असेना, कंदाचा आणि गावाचा शब्द एकच आहे, आणि नदीकाठच्या गावाला तो शोभतोही.

मराठी घरांतली एका पिढीची हजेरी घेतली तर तळंच भरेल : कमल, नलिनी, सरोज, कुमुद, पद्मा, अरविंद, पुष्कर, नंतरच्या पिढीत पंकज, नीरज आणि राजीव. दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये १९१३ साली काम करणाऱ्या कमलाबाई गोखले, कवयित्री पद्मा गोळे, लोकसाहित्याच्या अभ्यासक सरोजिनी बाबर, लेखिका कमल देसाई. यांत मला सगळ्यात आवडतं ते मृणाल हे नाव. मृणाल म्हणजे फूल नव्हे, त्याचा पाण्याखालचा देठ. मुंबईच्या नळाला पाणी यावं म्हणून ज्यांनी हंडे मोर्चे काढले आणि ज्यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटलं, त्या मृणाल गोरे. नाव ठेवणाऱ्यांना हे कुठून ठाऊक असणार!

आणखी एक कमळ आपण रोज वापरतो आणि ओळखत नाही. शंभर कोटींना अब्ज म्हणतात. अप् म्हणजे पाणी, त्यात जन्मलेलं ते अब्ज, म्हणजे कमळच. अब्जानंतर खर्व, निखर्व आणि मग महापद्म. हा क्रम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची हकिगत कोरली आहे ते हे भास्कराचार्य. जन्म १११४ चा. ‘लीलावती’त त्यांनी कमळावर जे गणित घातलं आहे ते शाळेत शिकवायला हवं. चक्रवाक आणि क्रौंच पक्ष्यांनी गजबजलेल्या तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर एक वीत दिसते आहे. वारा सुटतो, कळी हळूहळू कलत जाते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? एक वीत म्हणजे अर्धा हात. देठ तेवढाच राहिला, फक्त तिरका झाला. म्हणजे खोली, दोन हातांचं अंतर आणि देठाची लांबी यांचा काटकोन त्रिकोण होतो. खोलीचा वर्ग अधिक चार, बरोबर, खोली अधिक अर्धा यांचा वर्ग. सोडवलं की खोली येते पावणेचार हात, म्हणजे साधारण साडेपाच फूट. कमळ वाढतं ते इतपतच खोल पाण्यात. फार खोल पाण्यात त्याचा देठ वरपर्यंत पोचत नाही. उदाहरण रचताना आचार्यांनी फक्त आकडे जुळवले असतील, असं मला वाटत नाही. तळं त्यांनी पाहिलेलं होतं.

आता खुद्द फुलाकडे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी दादरच्या फूलबाजारात कमळाच्या कळ्यांचे ढीग लागतात. विकतात त्या कळ्याच, कारण उमललेलं कमळ तीन-चार दिवसांचाच सोबती आणि देठ कापल्यावर कळी पाण्यात ठेवूनही नीट उमलत नाही. म्हणून फूलवाल्या बाहेरची एकेक पाकळी बोटाने मागे दुमडून आत खोचतात. देवीपुढे जे टपोरं फुललेलं कमळ दिसतं ते बहुधा असं हाताने उमलवलेलं असतं.

तळ्यात ते स्वतः उमलतं तेव्हा मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. फूल तापतं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठाचे रॉजर सिमोर आणि त्यांचे सहकारी शुल्त्से-मोटेल यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मोजमाप छापलं. बाहेर हवा अगदी १० अंशांवर उतरली तरी कमळाच्या आतला भाग ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान राहतो, दोन-चार दिवस सलग. गार पडलं की फूल जास्त साखर जाळतं, ऊन चढलं की कमी. सस्तन प्राणी आणि पक्षी जसे अंगातली ऊब सांभाळतात तसं हे झाड सांभाळतं, आणि ही उष्णता तयार करतो तोच भोकाभोकांचा शंकू. कशासाठी? ऊब मिळाली की सुगंध दूर पसरतो, भुंगेरे येतात. पहिल्या दिवशी फूल अर्धवटच उघडतं. त्या वेळी त्याचा स्त्रीकेसर तयार असतो, पराग नसतो. संध्याकाळी ते मिटतं आणि आलेले किडे आत अडकतात. बाहेर गारठा, आत उबदार खोली. त्यांची तक्रार नसावी. दुसऱ्या दिवशी पराग सुटतो, फूल सताड उघडतं आणि पाहुणे अंगभर पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जातात. मिटल्या कमळात रात्रभर अडकलेला भुंगा हे संस्कृत कवींचं लाडकं चित्र. त्यांनी ते प्रेमाच्या खात्यात टाकलं, पण निरीक्षण पक्कं होतं.

पानाची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. पानावर थेंब टिकत नाही, मोत्यासारखा घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. गीतेच्या पाचव्या अध्यायात निर्लेप माणसाला याच पानाची उपमा दिली आहे. जर्मनीत बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये त्याचं कारण सविस्तर मांडलं. पानाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत नसतोच. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढे उंचवटे आणि त्यांवर मेणाच्या बारीक नळ्या यांनी तो खडबडीत झालेला असतो. थेंब फक्त टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. या तत्त्वावर घरांच्या बाहेरच्या भिंतींचे रंग निघाले. हिरव्या पानावर अंगठा जोरात चोळून पाहा. मेण निघालं की तेवढ्या जागी पाणी चिकटतं.

पण पान कोरडं राहणं ही झाडाची चैन नाही, निकड आहे. जमिनीवरच्या बहुतेक झाडांची श्वासाची छिद्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात, कमळाची वरच्या बाजूला. तिथे पाणी साचलं तर नाक बंद. या छिद्रांतून घेतलेली हवा देठातल्या पोकळ नळ्यांमधून थेट चिखलातल्या कंदापर्यंत जाते, कारण तळाच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतोच. वापरलेली हवा परत येते आणि पानाच्या मध्यावरच्या फिकट ठिपक्यातून बाहेर पडते. उन्हं चढल्यावर एखाद्या पानाच्या खोलगट मध्यात पाणी राहिलेलं असेल, तर त्यातून बुडबुडे येताना दिसतात.

बी हा या झाडाचा सगळ्यात चिवट भाग. जपानमध्ये चिबाजवळच्या उत्खननात १९५१ साली इचिरो ओगा यांना पीटच्या थरात तीन बिया मिळाल्या. तो थर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला गेला. त्यांतल्या एकीपासून वाढवलेल्या रोपाला १९५२ च्या जुलैत गुलाबी फूल आलं. ‘ओगा कमळ’ आज जपानभर लावलेलं आहे. त्याच्यावर शंका घेणारे म्हणत की वय बीचं नव्हे, आसपासच्या वस्तूंवरून काढलेलं आहे. ती पळवाट जेन शेन-मिलर यांनी बंद केली. ईशान्य चीनमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्यातल्या बीचं वय त्यांनी त्या बीच्याच टरफलावरून कार्बन पद्धतीने मोजलं. ते सुमारे १,३०० वर्षं भरलं आणि बी रुजलीही. टरफल इतकं बंदिस्त असतं की पाणी आत शिरत नाही आणि आतला कोंब जणू थांबून राहतो. म्हणूनच घरी टबात कमळ लावणारे आधी कमळगट्टा सँडपेपरवर घासतात. काळ्या टरफलाखालचा पांढरट भाग दिसला की पुरे, जास्त घासलं तर कोंब जातो. पाण्यात टाकल्यावर चार-पाच दिवसांत हिरवा अंकुर फुटतो. तो आतमध्येच हिरवा असतो, आणि कडूजहर.

अलीकडे बाल्कनीतल्या टबांत ‘सहस्रदल’ म्हणून जी चिनी जात फुलते तिच्यात केसर आणि शंकू या सगळ्यांच्या पाकळ्याच झालेल्या असतात. दिसायला थाट मोठा, पण तिला बी धरत नाही. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने २०२३ मध्ये १०८ पाकळ्यांचं ‘नमो १०८’ हे वाण जाहीर केलं, त्याचा उगम मणिपूरचा.

मराठी स्वयंपाकात कमळ उशिरा आलं, आणि तेही शेजाऱ्यांकडून. फाळणीनंतर उल्हासनगरला वसलेल्या सिंध्यांच्या ताटात कमळाचा कंद हवाच. ते त्याला ‘भी’ म्हणतात आणि बटाट्याबरोबर करतात. काश्मिरात तोच ‘नदरू’. दह्यात शिजवला की नदरू यख्नी, बेसनात घोळून तळला की नदरू मोंज. हिवाळ्यात होड्यांतून वाकून लांब काठीच्या आकड्याने तो चिखलातून ओढून काढतात. आपल्या भाजीबाजारात नाव कमळकाकडी. तिची चकती कापली की मधल्या भोकाभोवती भोकांचं वर्तुळ दिसतं, पानातून आलेल्या हवेच्या त्याच वाटा. आणि सुरी ओढताना दोन तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यापेक्षा बारीक तंतू ताणले जातात, तुटता तुटत नाहीत. हे पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या भिंतींमधले सर्पिल वेढे, ते ओढले की उलगडतात.

म्यानमारच्या इन्ले सरोवरावर याच तंतूंचं कापड विणतात. सुमारे शंभर वर्षांपूर्वी साव ऊ नावाच्या बाईने तिथल्या मठाधिपतीसाठी पहिलं वस्त्र विणलं असं सांगतात. बायका चार-पाच देठ एकत्र धरून वरवर चीर देतात, पिळून तोडतात, बाहेर आलेले तंतू ओल्या पाटावर तळहाताने वळून सूत करतात. देठ वाळले की तंतू निघत नाहीत, म्हणून काम त्याच दिवशी उरकावं लागतं. एका उपरण्याला हजारो देठ लागतात, त्यामुळे किंमत रेशमाच्या कितीतरी पट.

घरी भाजीसाठी कमळकाकडी घेताना दोन्ही टोकं बंद असलेली पेरं निवडावीत. टोक कापलेलं असेल तर त्या हवेच्या वाटांत गाळ शिरतो, आणि मग काडीला फडकं गुंडाळून एकेक भोक धूत बसावं लागतं. चिरलेल्या चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकाव्यात आणि कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात. बटाट्याच्या हिशेबाने शिजवली तर ती दाताखाली कच्चीच लागते.